फ्यूज खिशात ठेवणारा माणूस

चंद्रभानकाकांनी पहिल्याच भेटीत माझ्या हातावर फ्यूज ठेवला होता.

मी बोईसरला नवा होतो. मासवणहून आलेला, मराठी घेऊन बी.ए. झालेला, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला लागलेला. चाळीतल्या माझ्या खोलीतला पंखा बंद पडला. शेजारच्या खोलीतून साठीचा एक माणूस टेस्टर घेऊन आला. मी म्हटलं, "बटण बंद केलंय, काका." त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. जिन्याखाली गेले, मीटरच्या पाटीवरून चिनी मातीचा फ्यूज उपसून आणला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"धर. मी शिडीवरून उतरेपर्यंत कोणाला द्यायचा नाही. मालकाला नाही, माझ्या बायकोला नाही. मी मागितला तरी नाही."

"तुम्ही मागितला तरी?"

"शिडीवर असताना मागितला, तर समज मला येड लागलंय."

मी पंधरा मिनिटं मूठ आवळून उभा राहिलो. तेव्हापासून आमची मैत्री.

काका मूळचे जालना जिल्ह्यातले. एकोणनव्वद साली इथे आले, तारापूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. मी त्यांना बसलेलं फार कमी वेळा पाहिलं आहे. चहा उभ्यानेच प्यायचे. जेवताना मध्येच उठून मीटर बघून यायचे. घराबाहेर पडताना एकेक बटण बंद करायचे, मग प्लग काढायचे, मग काढलेला प्लग हाताने चाचपायचे. एकदा या नादात फ्रिज बंद करून चार दिवस गावाला गेले. आल्यावर मैनाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं विचारलं, "माझा पण प्लग काढून ठेवायचा होता की!"

मे महिन्यातल्या एका सोमवारी किंजल आली.

किंजल शिरगावची. काकांचा कारखान्यातला दोस्त भावेश, त्याची मुलगी. भावेश फिटर होता. दोन हजार सहाच्या जानेवारीत तो मिक्सरच्या टाकीत उतरला असताना मशीन सुरू झालं. किंजल तेव्हा दीड वर्षाची होती. एवढं मला चाळीतल्या बोलण्यातून माहीत होतं. काका स्वतः त्याबद्दल कधी बोलले नव्हते.

तिने पत्रिका दिली. लग्न रविवारी होतं. पाणी प्यायली आणि पेला खाली न ठेवताच म्हणाली, "काका, एक मागायचं हाय. नाय बोलायचं नाय."

"बोल."

"बाबांचा आवाज. आई सांगते तुमच्याकडे हाय. दसऱ्याच्या पूजेचा व्हिडिओ. मी आवाज कधी ऐकलाच नाय त्यांचा. फोटो हायत, आवाज नाय. लग्नाआधी एकदा ऐकायचा हाय."

काका उभेच होते. ते खिडकीपाशी गेले, परत आले.

"आहे," ते म्हणाले. "काढून देतो."

"आईला तुमी धा वर्षं हेच सांगताव."

"या खेपेला देतो."

व्हिडिओ माळ्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये होता. विक्रमच्या, त्यांच्या मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेला. विक्रम पुण्याला गेला आणि कॉम्प्युटर माळ्यावर गेला. दोन हजार पाचच्या दसऱ्याला साहेबांच्या कॅमेऱ्यावर घेतलेला तो व्हिडिओ काकांनी त्यात ठेवला होता. दुसरीकडे कुठेच नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही तो खाली काढला. आत धूळ, खारट हवेने गंजलेले स्क्रू, एक मेलेली पाल. काकांनी सगळं साफ केलं. जोडला. चालू केला. हार्ड डिस्क कटकट वाजली, जसं कोणी आत नखाने ठोकतंय. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि तिथेच थांबली.

विक्रमला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, भंगारात द्या ना आता."

काकांनी फोन ठेवला. मैनाकाकूंना म्हणाले, "तुझा पोरगा शहाणा झालाय."

"तुमचाच आहे," काकू म्हणाल्या.

बोईसरला स्टेशनच्या बाजूला माझ्या ओळखीच्या स्वराजचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मंगळवारी मी त्याच्याकडे गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. आतली सिस्टिम गेली असेल, फाइल असेलच, म्हणाला. लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टिमची एक सीडी, म्हणजे डिस्क, बनवता येते. ती घातली की कॉम्प्युटर त्या डिस्कवरूनच चालतो. आतल्या कशाला धक्का लागत नाही. मग फाइल उचलायची, पेनड्राइव्हवर टाकायची, झालं.

"नाहीतर सरळ हार्ड डिस्क काढून आण," तो म्हणाला. "पण जुनी आहे. तिची केबल माझ्याकडे नाही, मागवावी लागेल. आठवडा जाईल."

आठवडा नव्हता. आणि काका कॉम्प्युटर घराबाहेर द्यायला तयार नव्हते. आधीचा एक त्यांनी कुठल्याशा दुकानात दिला होता. तो पार पुसून, चकचकीत होऊन परत आला होता.

पहिली डिस्क मी बनवली. माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फाइल उतरवली आणि डिस्कवर जशीच्या तशी ठेवली. ती चालली नाही. स्वराज फोनवर हसत सुटला. "अरे साहित्यिका, फाइल ठेवायची नसते, उलगडून लिहायची असते. तू कणकेचा डबा ताटात वाढलास." दुसरी त्याने बनवली. जुन्या यंत्राला झेपेल अशी हलकी. स्वतःच्या दुकानात लावून बघितली. चालली. म्हणजे डिस्क बरोबर होती.

काकांच्या खोलीत ती चालली नाही.

स्वराजने फोनवर उपाय सांगितला. तुमचा कॉम्प्युटर आधी हार्ड डिस्कमध्ये बघतो. त्याला सांगायचं, आधी डिस्कमध्ये बघ. सुरू होताना डिलीटचं बटण दाबा, निळा पडदा येईल, तिथे क्रम बदला, सेव्ह करा. काकांनी ते वहीत लिहून घेतलं. कारखान्यात कामाचा परवाना लिहायचे तसं, एकेक पायरी, प्रत्येक पायरीपुढे बरोबरची खूण करायला चौकोन.

त्यांनी क्रम बदलला. तेच काळं. पुन्हा बदलला. तेच. बुधवारी मी ड्यूटीवरून आलो तेव्हा अकरावी खेप चालली होती. काकू दारात बसून भाजी निवडत होत्या.

"सकाळपासून ही कटकट," त्या म्हणाल्या. "त्या डब्याची आणि यांचीही."

प्रत्येक खेपेला हार्ड डिस्कचा आवाज बदलत होता. आधी दोन ठोके, मग तीन, मग जरा थांबून एक लांब खरड. स्वराजला तो आवाज मी फोनवरून ऐकवला. तो म्हणाला, "फार वेळा चालू-बंद करू नका. ती जाणार आहे. आज का उद्या, सांगता येत नाही."

त्या रात्री काका झोपले नसावेत. भिंतीपलीकडून पावलं ऐकू येत होती. दारापासून खिडकीपर्यंत सात, परत सात.

गुरुवारी त्यांनी कापसाला स्पिरिट लावून डिस्क वाचणारं भिंग पुसलं. काही नाही. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. काही नाही. किंजलचा फोन आला. काका म्हणाले, "होतंय, होतंय." मग मला म्हणाले, "ज्ञानबा, मी खोटं बोललो काय रे आत्ता?"

माझं नाव ज्ञानेश. ते मला ज्ञानबाच म्हणतात.

"नाही," मी म्हटलं. मला काहीच माहीत नव्हतं.

शुक्रवारी दुरुस्तीसाठी दहा वाजता लाइट जाणार, तशी सूचना आली होती. पाच वाजेपर्यंत येणार नव्हती. शनिवारी शिरगावला हळद. म्हणजे आमच्याकडे फक्त सकाळ होती.

त्या दिवशी माझी दुसरी पाळी होती, दुपारी तीनपासून रात्री अकरापर्यंत. आठला मी त्यांच्याकडे गेलो. नऊला किंजलही आली. बोईसरला ब्लाउज घ्यायला आली होती. तिच्या हातावर आदल्या रात्रीची मेंदी होती. ती दारात उभी राहिली, आत येईना.

"बस ना," काकू म्हणाल्या.

"नको. काका उभे हायत ना."

काकांनी वही माझ्याकडे दिली. "तू वाच. मी करतो. माझंच काही चुकत असेल तर कळेल."

मी वाचू लागलो. डिस्क बाहेर काढणे. चालू करणे. डिलीट दाबणे. क्रम बदलणे. सेव्ह करणे.

त्यांनी ते सगळं केलं. बोट कुठे चुकत नव्हतं. कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू झाला. आणि त्याच क्षणी त्यांचा हात भिंतीवर गेला. खट. बटण बंद. मग प्लग काढला. मग साठपर्यंत मोजलं, ओठ हलवत.

मग त्यांनी टाचणी घेतली.

डिस्कच्या कप्प्याला पुढून एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी खुपसली की कप्पा वीज नसतानाही बाहेर येतो. काकांनी तो टाचणीने ओढून काढला, डिस्क ठेवली, हाताने ढकलून बंद केला.

"बटणाने उघडतो ना तो?" मी विचारलं.

"चालू असताना."

"मग?"

"चालू मशीनमध्ये हात घालायचा नाही." मला हे विचारावं लागलं याचंच त्यांना आश्चर्य वाटत होतं. त्यांच्या वहीत ती पायरी होतीच. 'मेन बंद, प्लग बाहेर, साठ मोजणे, मगच डिस्क.' मी तीन दिवस ती ओळ बघत होतो.

त्यांनी प्लग लावला. चालू केला. पडद्यावर एक ओळ आली. काकांनी लगेच एक बटण दाबलं, ओळ गेली. हार्ड डिस्कने तीनदा ठोकलं, खरडलं. काळा पडदा. पांढरी अक्षरं.

"ती ओळ कसली होती?" मी म्हटलं.

"ती जुनीच. माळ्यावर टाकायच्या आधीपासून येते. एफ-वन दाबलं की जाते."

"काय लिहिलंय तिच्यात?"

"इंग्रजी आहे."

"परत आणा ना. मला वाचू द्या."

नऊ वाजून बावीस मिनिटं झाली होती. काकांनी बंद केला, प्लग काढला, साठ मोजले. किंजल दाराच्या चौकटीला टेकून ते मोजणं बघत होती. चालू केला. ओळ आली. या वेळी त्यांनी बोट मागे ठेवलं.

मी वाचलं. जपून ठेवलेलं जुळत नाही, म्हणून मूळचं परत घेतलं आहे, असं लिहिलं होतं. खाली तारीख होती. एक जानेवारी दोन हजार तीन.

"काका, तारीख तुम्ही बरोबर केली होती ना?"

"रोज करतो. रोज तीच येते."

"म्हणजे तुम्ही बदललेलं हे सगळं विसरतं."

मी स्वराजला फोन लावला. तो अजून घरीच होता, तोंडात ब्रश. मी ओळ वाचून दाखवली. तो चूळ भरून आला. "च्यायला! सेल मेलाय रे. आत बटणाएवढा एक सेल असतो. वीज गेली की सेटिंग तो लक्षात ठेवतो. तो मेला की प्लग काढला रे काढला, सगळं पुसलं. पण तुम्ही प्लग काढता कशाला?"

मी काकांकडे पाहिलं.

"सेल कुठे मिळेल?" काकांनी विचारलं. फोन स्पीकरवर होता.

"दुकान अकराला उघडतो काका. आत्ता सेल नकोच. सोपं आहे. क्रम बदला, सेव्ह करा, चालूच ठेवा. चालू असतानाच बटण दाबून डिस्क घाला. प्लगला हात लावू नका. बास."

फोन बंद झाला.  हार्ड डिस्क एकदा खरडली.

काका खिडकीकडे गेले. परत आले. पुन्हा गेले.

"टाचणीनेच घालतो," ते म्हणाले. "प्लग ठेवून. चालेल ना?"

"चालेल. पण बटण आहे ना, काका."

"मला माहीत आहे बटण आहे."

साडेनऊ. किंजल आत आली. तिने मेंदीचा हात जरा लांब धरला होता. "काका, मी दाबू?"

"नाही!" ते एवढ्या जोरात ओरडले की काकूंच्या हातातलं भांडं पडलं. "तू मागं हो. तू त्या दारात हो. ज्ञानबा, तू इथं ये. या बटणावर हात ठेव."

"बंद करू?"

"बंद होऊ द्यायचं नाही. कोणी आलं तरी. मी आलो तरी."

मी भिंतीजवळ उभा राहिलो, तळहात बटणावर.  काकांनी क्रम बदलला. सेव्ह केलं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. त्यांचा डावा हात सवयीने भिंतीकडे आला, माझ्या मनगटाला लागला आणि तिथेच थांबला. त्यांनी तो ओढून घेतला. उजव्या हाताने कप्प्याचं बटण दाबलं. कप्पा बाहेर आला. डिस्क ठेवताना त्यांनी मान दुसरीकडे फिरवली होती.

त्यांनी कप्पा ढकलला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं. ती ओळ आली नाही.

डिस्क फिरू लागली. भुंग्यासारखा आवाज. पडदा काळा राहिला, मग करडा झाला, मग त्यावर ठिपके धावू लागले. खूप वेळ नुसतेच ठिपके. नऊ सदतीस. नऊ बेचाळीस. काकू देवाजवळ गेल्या होत्या. काका एका पायावरून दुसऱ्यावर होत होते. मग निळसर पडदा आला, त्यावर बाण.

फोल्डर उघडायला हार्ड डिस्कने पाच ठोके घेतले. 'दसरा'. आत छत्तीस फोटो आणि एक व्हिडिओ.

"आधी पेनड्राइव्हवर," काका म्हणाले. "मग बघू."

फाइल गेली. मी हात बटणावर ठेवून तिथून बघत होतो. नऊ एकावन्न.

काकांनी व्हिडिओ लावला.

मोठं मशीन, त्याला झेंडूच्या माळा. माणसांची गर्दी. एक किडकिडीत तरुण, कपाळाला गुलाल, हातात हार. मागून कोणी तरी म्हणतं, बोल की भाव्या, शूटिंग चालूय. तो कॅमेऱ्याकडे बघतो, लाजतो.

"काय बोलू? लग्नात पण बोललो नाय मी." सगळे हसतात. मग तो बाजूला कोणाला तरी म्हणतो, "चंदूभाऊ, बंद केलास ना रे? चालू मशीनला हार घालायला लावशील आन् मलाच हार घालशील!" आणि तो खदखदून हसतो. इतका की हार हातातून सुटतो.

अडतीस सेकंद.

"बारीक हाय आवाज," किंजल म्हणाली. "मला वाटायचं भारी असल." तिने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. तिसऱ्यांदा ती हसली, आणि मला धक्का बसला, कारण ते तेच हसणं होतं.

"चंदूभाऊ तुमी ना?"

काका खुर्चीवर बसले. चार वर्षांत मी त्यांना त्या खुर्चीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"त्या दिवशीही त्याने हेच विचारलं होतं," ते म्हणाले. "टाकीत उतरायच्या आधी. बंद केलंस ना. मी म्हटलं, केलं. केलंच होतं, बाई. बटण बंद केलं होतं. फ्यूज काढला नव्हता. फ्यूज काढून खिशात ठेवायचा असतो. माझी चहाची वेळ झाली होती. पाळी बदलली, नवीन माणूस आला, त्याने बंद बटण बघितलं आणि चालू केलं." त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "म्हणून मी व्हिडिओ देत नव्हतो. सापडत नव्हता असं नाही."

मी भिंतीपाशी तसाच होतो. माझ्या तळहाताखाली बटण होतं. चार वर्षं मी तो फ्यूज हातात धरला होता. पंख्याच्या वेळी, ट्यूबच्या वेळी, काकूंच्या मिक्सरच्या वेळी. गंमत म्हणून धरला होता. गावी जाऊन मित्रांना नकला करून दाखवल्या होत्या.

काकू देवाजवळच उभ्या होत्या. त्यांना माहीत होतं हे त्यांच्या पाठीवरून कळलं.

किंजलने पेनड्राइव्ह काढला. बघत राहिली त्याच्याकडे.

"आईला माहीत हाय," ती म्हणाली.

काकांनी वर पाहिलं.

"तिला तवाच कळलेलं. कारखान्यातलेच कोणतरी बोलले. लय वर्षं ती तुमचं नाव घ्यायची नाय. मंग घ्यायला लागली. का, ते मला नाय माहीत. मी विचारलं नाय." ती पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवू लागली, मग मुठीतच ठेवला. "मांडवाची लाइट तिने अजून कोणाला नाय दिलेली. मंडपवाला रोज विचारतो. ती बोलते, चंदूभाऊ बघतील. दुसऱ्या कोणाचा हात लागू देणार नाय. जनरेटर पण हाय. तुमी उद्याच या, सकाळी. काकूंना घेऊन या."

 काकांनी मान हलवली, तीही पुरती नाही.

ती जिना उतरली. स्कूटरचा आवाज आला, गल्लीत वळला. तेवढ्यात लाइट गेली. पंखा मंदावला. पडदा विझला. हार्ड डिस्क एकदा घरंगळल्यासारखी वाजली आणि थांबली. रात्री मी पाळीवरून आल्यावर आम्ही चालू करून पाहिली. ती उठली नाही.

पण ते नंतरचं.  तेव्हा काका खुर्चीतच बसून होते, हात गुडघ्यांवर.

"ज्ञानबा."

"काय काका?"

"बंद करू का आता?"

माझा हात अजून बटणावर होता. मी तो काढला.

"करा," मी म्हटलं.

त्यांना उठायला अजून थोडा वेळ लागला.